तीनदा जळालेली मोटर आणि दोन एचपीचा आग्रह

प्रश्न : आमचे गाव दारव्हा तालुक्यात (जि. यवतमाळ) आहे. घर रस्त्याला लागून असून पुढच्या भागात आम्ही खानावळ चालवतो. घरात सहा माणसे आहेत आणि खानावळीत रोज ४०-५० ताटे होतात. २०१६ साली मागच्या अंगणात सहा इंची बोअर मारली. तिची खोली २४० फूट असून केसिंग (बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप) ४० फूट आहे. १ एचपीची सिंगल फेज सबमर्सिबल मोटर २०० फुटांवर सोडलेली आहे. गेल्या दिवाळीपासून ही मोटर तीनदा जळाली आणि तिन्ही वेळा वायंडिंग (मोटरीतल्या तारेची गुंडाळी) करून घेतले. २०० लिटरचा ड्रम भरायला सात मिनिटे लागतात. वीस मिनिटे पाणी चांगले येते, मग पाइपातून हवा सुटते. तासाभराने पुन्हा लावली तर आठ मिनिटे पाणी मिळते. सकाळी मोटर काढली तेव्हा पाणी ११० फुटांवर असल्याचे मिस्त्रींनी सांगितले. संध्याकाळी लाइन डिम असते, पॅनलवरचा काटा १९० च्या पुढे जात नाही. वायर दीडची आहे. खानावळीच्या गडबडीत बटण पुष्कळदा चालूच राहते. मिस्त्री म्हणतात, ‘पाणी खाली गेलं जी, दोन एचपी टाका अन् तीस फूट आणखी सोडा.’ दीर म्हणतात, ४०० फुटांची नवी बोअर मारू. शिवाय भांड्यांच्या सांडपाण्याची नाली सारखी तुंबते, पाणी बोअरभोवती साचते आणि पहिल्या पावसानंतर बोअरच्या पाण्याला वास येऊ लागला आहे. आधी काय करावे?

उत्तर : ताई, आपण पत्रात मोजमापे इतकी नेमकी दिली आहेत की निदानाचा मोठा भाग आपणच करून ठेवला आहे. सध्या दोन एचपीची मोटर घेऊ नका आणि नवी बोअरही मारू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. सगळ्यात आधी बोअरभोवती साचणारे पाणी हटवा आणि तपासणी होईपर्यंत ते पाणी उकळल्याशिवाय कोणालाही पिऊ देऊ नका. नालीकडे मी शेवटी सविस्तर येतो, पण तोवर एवढी काळजी आजपासूनच घ्यावी, कारण आपल्या पाण्यावर घरच्यांबरोबर रोज येणारे ग्राहकही अवलंबून आहेत.

आता मोटरीचा हिशेब पाहू. सहा इंची बोअरमध्ये दर फुटाला साधारण साडेपाच लिटर पाणी मावते. रात्रभर विसावल्यावर पाणी ११० फुटांवर आणि मोटर २०० फुटांवर, म्हणजे मोटरीच्या वर ९० फूट पाणी उभे असते आणि ते होते जवळपास ५०० लिटर. आपली मोटर मिनिटाला साधारण साडेअठ्ठावीस लिटर पाणी फेकते, म्हणून वीस मिनिटांत ५७० लिटर बाहेर येतात. यातले ५०० लिटर रात्रभरात बोअरमध्ये साठलेले असते आणि झऱ्यातून त्या वीस मिनिटांत नव्याने आलेले पाणी जेमतेम ७० लिटर असते. तासाचा हिशेब केला तर ही आवक २०० लिटरच्या आसपास जाते. आपण दिलेला दुसरा आकडाही हेच सांगतो, कारण तासभर थांबल्यावर आठ मिनिटे पाणी मिळते, म्हणजे सव्वादोनशे लिटरच्या आसपास. दोन वेगळ्या वाटांनी काढलेले आकडे इतके जवळ यावेत, यावरून आपली नोंद विश्वासार्ह आहे असे मी मानतो.

तासाला २०० लिटर म्हणजे चोवीस तासांत ४,८०० लिटर. ग्रामीण भागात दर माणसी दर दिवशी ५५ लिटर पाणी हे जल जीवन मिशनचे प्रमाण आहे आणि त्या हिशेबाने आपल्या सहा माणसांना ३३० लिटर पुरतात. खानावळीचा स्वयंपाक, भांडी, फरशी आणि ग्राहकांचे पिणे-हात धुणे असे सगळे धरले तरी एकूण गरज २,००० लिटरच्या पुढे जाईल असे मला वाटत नाही. म्हणजे आपली बोअर आटलेली नाही. ती सावकाश देणारी बोअर आहे आणि आपण तिच्याकडून सारे पाणी एकाच दमात मागत आहोत. वीस मिनिटांनंतर हवा सुटू लागली तरी बटण चालू राहते आणि तेवढा वेळ मोटर कोरडी फिरते. सबमर्सिबल मोटर तिच्या अंगावरून वाहणाऱ्या पाण्यानेच थंड राहते. पाण्याचा प्रवाह थांबला की उष्णता बाहेर पडायला वाट उरत नाही, पंपातले बुश आणि इम्पेलर (पाणी वर ढकलणाऱ्या चकत्या) घासले जातात, पुढे तेच जाम होऊन वायंडिंगवर भार येतो.

अशा बोअरमध्ये दोन एचपीची मोटर टाकल्याने काय होईल, याचा विचार करा. झऱ्याची आवक तासाला २०० लिटरच राहील. मोटर मात्र तेच ५०० लिटर दहा-अकरा मिनिटांत उपसून टाकेल आणि कोरडी फिरण्याची वेळ निम्म्या अवधीत येईल. तीस फूट खाली सोडल्यामुळे सुमारे १६५ लिटर जास्तीचा साठा हाताशी येतो, म्हणजे आजच्या मोटरीच्या जवळपास सहा मिनिटांचे पाणी. २०० ते २३० फुटांच्या दरम्यान एखादी पाण्याची भेग असेल तरच आवक वाढेल आणि ते २०१६ च्या खोदाईच्या वेळी कोणत्या फुटाला पाणी लागले होते यावरून कळेल. घरात त्या वेळची चिठ्ठी असल्यास ती जरूर शोधा. शिवाय २४० फुटांच्या बोअरमध्ये इतक्या वर्षांत तळाशी गाळ बसलेला असणारच. मोटर गाळात रुतली तर ती कोरडी नसतानाही तापते. म्हणून मोटर पुढच्या वेळी बाहेर असेल तेव्हा दोरीला वजन बांधून आधी तळ मोजून घ्यावा आणि मोटर तळापासून किमान १५-२० फूट वरच ठेवावी.

दुसरे कारण विजेचे आहे आणि माझ्या मते ते पहिल्याइतकेच मोठे आहे. घरगुती सिंगल फेजचा दाब २३० व्होल्ट असावा आणि त्यात ६ टक्क्यांचा फरक चालतो, म्हणजे साधारण २१६ ते २४४. आपल्याकडे संध्याकाळी पॅनलवर १९० दिसतात, पण मोटरीपर्यंत तेवढेही पोहोचत नाहीत. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, दर किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. पॅनलपासून मोटरीपर्यंत २५० फूट धरले, तर वीज तेवढेच अंतर जाते आणि तेवढेच परत येते, त्यामुळे एकूण रोध पावणेदोन ओहमच्या थोडा वर होतो. १ एचपीची मोटर ८ अँपिअर घेते असे धरले तर वायरमध्येच जवळपास १५ व्होल्ट खर्च होतात आणि मोटरीला १७५ च मिळतात. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून १७५ व्होल्टवर तिचा जोर पूर्ण दाबाच्या ६० टक्क्यांपेक्षाही खाली येतो. मोटर सुरू होताना तर ती चार-पाचपट अँपिअर ओढते आणि त्या क्षणी वायरमध्ये ६० व्होल्ट किंवा त्याहून अधिक पडतात. संध्याकाळी बटण दाबल्यावर मोटर नुसती घुमते आणि दोन-तीनदा बंद-चालू केल्यावर उचलते, असे आपल्याकडे घडत असेल, तर त्याचे कारण हेच आहे आणि अशा प्रत्येक प्रयत्नात वायंडिंग तापत असते. त्याच वायरवर दोन एचपी लावली तर चालतानाच जवळपास दुप्पट व्होल्ट पडतील.

मिस्त्री मुद्दाम चुकीचा सल्ला देत आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. गावोगावी मोटर काढणारी ही मंडळी भर उन्हात जड काम करतात आणि पाणी कमी येते म्हटले की मोठी मोटर सांगणे हा त्यांच्या धंद्यात रुळलेला उपाय आहे. परंतु जळालेली मोटर त्यांनी आपल्यासमोर उघडावी, अशी विनंती या वेळी अवश्य करा, कारण त्यातून पुष्कळ कळते. इम्पेलर वितळलेले दिसले तर मोटर कोरडी फिरली असण्याची दाट शक्यता आहे. पंप मोकळा फिरतो आणि स्टार्टिंगचे वायंडिंगच तेवढे काळे पडले आहे असे दिसले, तर कमी दाबात सुरू होण्याची धडपड किंवा कमजोर झालेला कपॅसिटर (मोटर सुरू होताना तिला जोर देणारा पॅनलमधला भाग) यांपैकी एक दोषी असतो, आणि पॅनलमधले कपॅसिटर दरवेळी तपासले गेले होते का, हेही विचारून घ्या. वायंडिंग एकाच जागी फुटले असेल तर केबलच्या जोडातून ओल शिरली असण्याची किंवा विजेचा धक्का बसला असण्याची शक्यता अधिक. तीनदा वायंडिंग झालेली मोटर चौथ्यांदा भरण्याचा आग्रह मी धरणार नाही. त्याच ताकदीची, म्हणजे १ एचपीचीच, चांगल्या प्रतीची नवी मोटर घेणे पुढे स्वस्त पडेल. ती खाली सोडण्यापूर्वी मेगर (वीज कुठे गळते का हे दाखवणारे यंत्र) लावून केबलसह तपासावी आणि मोटर आत पाणी भरण्याच्या प्रकारची असेल तर ती स्वच्छ पाण्याने पूर्ण भरली आहे याची खात्री करावी. पंपाच्या तोंडावरचा नॉन रिटर्न व्हॉल्व्हही त्याच वेळी पाहून घ्यावा, कारण तो गळत असेल तर पाइपातले पाणी मोटर थांबताच खाली उतरते आणि लगेच बटण दाबले तर उलट्या फिरणाऱ्या पंपाला सुलटे फिरावे लागते.

नव्या मोटरीबरोबर केबल ४ चौरस मिलिमीटरची, निदान अडीचची तरी टाकावी. चारच्या वायरमध्ये चालताना ५-६ व्होल्टच पडतील. पॅनलमध्ये तीन गोष्टी असाव्यात. व्होल्टेज फार कमी-जास्त झाल्यास मोटर बंद करणारा कट-ऑफ हवा, पाणी संपताच मोटर थांबवणारे ड्राय रन संरक्षण हवे आणि ठरलेल्या वेळाने मोटर आपोआप चालू-बंद करणारा टायमर हवा. ड्राय रनचे यंत्र नुसते बसवून चालत नाही, ते जागेवर आकडे मोजून बांधून घ्यावे लागते. पाणी भरपूर येत असताना किती अँपिअर आणि हवा सुटत असताना किती, हे दोन्ही आकडे मिस्त्रींकडून आपल्यासमोर मोजून घ्या आणि त्या दोहोंच्या मधल्या आकड्यावर ते बांधायला सांगा. टायमर दर दीड तासाला दहा मिनिटे चालण्यासाठी लावला, तर एका खेपेत २८५ लिटर पाणी मिळते आणि दीड तासात झरा तेवढे पाणी परत भरून काढतो. रात्री दहा ते सकाळी दहा या बारा तासांत आठ खेपा होतात, म्हणजे २,२०० लिटरहून थोडे अधिक. रात्री उशिरा आणि पहाटे लाइनही बरी असते, त्यामुळे संध्याकाळच्या डिम लाइनमध्ये मोटर लावण्याची गरजच उरणार नाही.

हे पाणी साठवायला गच्चीवरची टाकी अपुरी पडत असेल तर मागच्या अंगणात भांडी घासण्याच्या जागेजवळ जमिनीलगत आणखी एक १,००० लिटरची टाकी ठेवावी. भांडी खालीच घासली जात असल्याने त्या टाकीसाठी वेगळी मोटर लागणार नाही. दोन्ही टाक्यांना फ्लोट बसवले की रात्री पाणी वाहून जाण्याची चिंता नाही.

कमी दाबाची तक्रार मात्र तोंडी ठेवू नका. आठ-दहा दिवस सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी पॅनलवरचा आकडा वेळेसह वहीत लिहा आणि त्या नोंदीसह महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. एकाच डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) चार-पाच घरांनी मिळून अर्ज केला तर त्याला अधिक वजन येते, कारण डीपीवर क्षमतेपेक्षा जास्त भार आहे की आपल्या घराची सर्व्हिस वायर जुनी झाली आहे, हे त्यांना तिथे येऊनच पाहावे लागते.

दिरांच्या म्हणण्याविषयी. आपल्या भागातला काळा पाषाण एकसंध नाही, तो लाव्हाच्या थरावर थर बसून झालेला आहे. त्यात पाणी वरच्या कुजलेल्या मुरुमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात असते. म्हणूनच एका घरी १५० फुटांवर पाणी लागते आणि शेजारी ४०० फुटांपर्यंत नुसती भुकटी उडते. जास्त खोल गेले की जास्त पाणी, असा नियम या खडकात नाही. शिवाय यवतमाळ जिल्ह्यातल्या काही तालुक्यांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक आढळलेले आहे. पिण्याच्या पाण्यात ते दर लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. (अकोला, दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातील वाचकांनी तर खोल जाण्यापूर्वी अधिकच विचार करावा, कारण तिथे पाणी लागले तरी ते खारे निघण्याचा धोका असतो.) महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा अधिक खोल विहीर ही खोल विहीर मानली आहे आणि अधिसूचित क्षेत्रात तिच्यावर बंधने आहेत. तरीही कधी नवी बोअर घेण्याची वेळ आली तर आधी ग्रामपंचायतीत आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या यवतमाळच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा. ही यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, त्यामुळे आपल्या परिसरातले पाणी खरोखर खाली जात आहे का, याचे उत्तर तिथे अंदाजाने नाही तर नोंदीवरून मिळेल. आणि नवी घेतलीच तर जुनी उघडी सोडू नका. सोडून दिलेल्या बोअर बुजवण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच निर्देश दिले आहेत आणि घरात लहान मुले असोत वा नसोत, ते पाळलेच पाहिजेत.

आता नालीकडे येऊ. खरे सांगायचे तर पत्रातली हीच गोष्ट वाचून मला सर्वाधिक काळजी वाटली. खानावळीच्या भांड्यांचे पाणी तेलकट असते. गरम असताना ते सहज वाहते, पण नालीत थंड झाल्यावर तेल-तूप पाइपाच्या आतल्या अंगाला थरावर थर धरते, त्यात भाताची शिते आणि राख अडकते आणि पाइपाचे तोंड बारीक होत जाते. कॉस्टिक किंवा ॲसिड ओतून ते तात्पुरते मोकळे होते, परंतु तेच पाणी आपल्या बोअरभोवती साचत असल्याने हा उपाय कृपया बंद करा. मोरीच्या तोंडाशी बारीक जाळी बसवा आणि तिथून बाहेर पडल्याबरोबर विटांचे दोन कप्प्यांचे चेंबर बांधून घ्या. त्याच्या बाहेर जाणाऱ्या पाइपाला टी (इंग्रजी T आकाराचा जोड) लावून त्याचे खालचे तोंड पाण्यात बुडलेले ठेवले की तेल वर तरंगत राहते, गाळ तळाशी बसतो आणि मधले पाणी तेवढे पुढे जाते. वर जमलेला तेलाचा थर आठवड्यातून एकदा काढून टाकावा लागतो. हे काम ठरलेल्या वारी झाले नाही तर चेंबर बांधूनही उपयोग होत नाही. पुढच्या तीन इंची पाइपाला दर ४० फुटांमागे १ फूट उतार द्यावा आणि वळणाच्या जागी झाकणाचे चेंबर ठेवावे, म्हणजे तुंबल्यास तोडफोड न करता साफ करता येईल.

हे पाणी शेवटी शोषखड्ड्यात न्यायचे असेल तर तो खड्डा बोअरपासून किमान ५० फूट दूर आणि उताराच्या बाजूला हवा. संडासाच्या टाकीलाही हाच नियम लागू आहे. आपल्याकडच्या काळ्या मातीत नुसता खड्डा खणून दगड भरले तर पाणी जिरत नाही, कारण ओली झाली की ही माती फुगून बंद होते. खड्डा मुरुमापर्यंत न्यावा लागतो. मात्र भेगा असलेला खडक अगदी वर असेल तर पाणी त्या भेगांतून न गाळता थेट बोअरपर्यंत पोहोचू शकते. अशा जागी शोषखड्डा टाळून पाणी लांब परसबागेत, शक्यतो केळी किंवा अळूच्या वाफ्यात सोडलेले बरे.

बोअरच्या तोंडाशी केसिंग जमिनीच्या दीड-दोन फूट वर आहे का, हे आजच पाहा. ते जमिनीलगत कापलेले असेल तर वर जोड देऊन वाढवावे, त्याभोवतीची फट सिमेंटने भरावी आणि बाहेरच्या बाजूला उतार असलेला ओटा बांधावा. पहिल्या पावसानंतर वास आला, याचा अर्थ वरचे पाणी केसिंगच्या कडेने आत उतरत असण्याची दाट शक्यता आहे. हे काम झाल्यावर बोअरमध्ये ब्लीचिंग पावडरचे द्रावण सोडून एक रात्र थांबावे आणि दुसऱ्या दिवशी क्लोरीनचा वास जाईपर्यंत पाणी उपसून ते झाडांपासून दूर सोडून द्यावे. त्यानंतर आठवडाभराने ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकांमार्फत नमुना प्रयोगशाळेत पाठवा. जंतूंची, नायट्रेटची आणि फ्लोराइडची अशा तिन्ही तपासण्या मागा. ई कोलाय हा जंतू १०० मिलिलिटर पाण्यात मुळीच असता कामा नये आणि नायट्रेट दर लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत असावे. अहवाल हाती येईपर्यंत खानावळीतल्या ग्राहकांच्या ग्लासात येणारे पाणीही उकळून गार केलेलेच असावे.